कॉलेज क्वार्टरबॅकचं करिअर कसं असतं, आणि त्यात डिग्रीचं काय काम?

प्रश्न असा होता: "आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे, हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये क्वार्टरबॅक खेळतो. कोच म्हणतात, हा कॉलेजात खेळू शकेल. आम्हा दोघांना हा खेळ अजून धड कळत नाही. कॉलेजमधल्या क्वार्टरबॅकचं करिअर नेमकं कसं असतं? अभ्यासाचं काय होतं? नाशिकहून आजी-आजोबा दर रविवारी विचारतात आणि आम्हाला काही सांगता येत नाही."

मी गेली सतरा वर्षं मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात खेळाडूंची शैक्षणिक सल्लागार आहे. फुटबॉलच्या मुलांनी कोणते कोर्स घ्यायचे, किती क्रेडिट झाली, पुढच्या सीझनला मुलगा नियमात बसतो की नाही, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे माझं उत्तर कोचच्या उत्तरापेक्षा वेगळं असेल. मैदानाबद्दल थोडं बोलते आणि मैदानाबाहेरचं जास्त, कारण क्वार्टरबॅकच्या कॉलेजमधल्या वर्षांचा मोठा भाग मैदानाबाहेरच जातो.

आजी-आजोबांना आधी हे सांगा. मैदानात एका बाजूचे अकरा जण असतात. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. प्रत्येक वेळी चेंडू पहिल्यांदा येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात, आणि तिथून जेमतेम तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं की फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं. त्याआधी चाळीस सेकंदांचं घड्याळ चालू असतं. तेवढ्या वेळात बाकावरून आलेली चाल समजून घ्यायची, दहा जणांना सांगायची, समोरचे बचावपटू कुठे उभे आहेत ते बघायचं आणि गरज पडली तर चाल जागच्या जागी बदलायची. अंगातली ताकद लागतेच, पण डोक्याचं काम त्याहून जास्त.

आणि या जागेवर एकच जण खेळतो. बाकी जागांवर मुलं आलटून-पालटून येतात. चेंडू झेलणारे पाच-सहा जण एका सामन्यात खेळून जातात. क्वार्टरबॅक मात्र क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखा. धोनी संघात होता तेव्हाचे बाकीचे कीपर आठवा, म्हणजे लगेच कळेल. कॉलेजच्या टीममध्ये चार-पाच क्वार्टरबॅक असतात, सगळे आपापल्या हायस्कूलचे हिरो, आणि त्यांतले बहुतेक शनिवारी हातात वही घेऊन कडेला उभे असतात. तेव्हा हे करिअर बऱ्याच अंशी थांबण्याचं आहे. थांबण्याच्या काळात मुलाने काय केलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

हे समजावायला मी आमच्याकडे येणाऱ्या पालकांना नेहमी 'जो बरो' नावाच्या क्वार्टरबॅकची गोष्ट सांगते. तुम्ही कोलंबसजवळ राहता, तर ही गोष्ट अर्धी तुमच्याच गावात घडली आहे. लोकांना त्यातलं २०१९ हे वर्ष माहीत असतं. मला त्याआधीची, कॉलेजमधली पहिली तीन वर्षं महत्त्वाची वाटतात.

जो वाढला ओहायोच्या आग्नेय कोपऱ्यातल्या अ‍ॅथेन्स या छोट्या गावात. वडील जिमी बरो तिथल्या ओहायो विद्यापीठात बचावफळीचे कोच होते. जोचे दोन्ही मोठे भाऊ नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळले होते, पण नेब्रास्काने जोला स्कॉलरशिप देऊ केली नाही. २०१४ मध्ये तो ओहायोतला सर्वोत्तम हायस्कूल खेळाडू ठरला आणि २०१५ मध्ये तुमच्या कोलंबसमधल्या ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाला.

पहिलं वर्ष त्याने रेडशर्ट म्हणून काढलं. रेडशर्ट म्हणजे सराव सगळा करायचा, सामना खेळायचा नाही. एनसीएएच्या (कॉलेजमधल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमाने खेळाडूला पाच वर्षांच्या आत चार सीझन खेळता येतात. न खेळलेलं ते एक वर्ष अशा रीतीने शिल्लक राहतं. (२०१८ पासून त्या वर्षात चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी चालतं. नियम दर एक-दोन वर्षांनी बदलतात, तुमच्या मुलाची वेळ येईल तेव्हा त्या वर्षीचा नियम बघा.) पुढची दोन वर्षं जो राखीव होता. पुढे जे. टी. बॅरेट होता, अनुभवी आणि कोचचा विश्वासू. या तीन वर्षांत जोने सामन्यात एकूण ३९ पास फेकले. तीन वर्षं, ३९ पास.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये, सीझन तोंडावर असताना, सरावात त्याच्या फेकायच्या हाताचं हाड मोडलं. तो बाजूला झाला आणि दुसऱ्या क्रमांकावर ड्वेन हॅस्किन्स आला. नोव्हेंबरमध्ये मिशिगनविरुद्ध बॅरेटच्या गुडघ्याला लागलं आणि आत गेला हॅस्किन्स. ओहायो स्टेटने तो सामना ३१-२० असा जिंकला. हात मोडला नसता तर त्या दिवशी मैदानात बहुधा जो गेला असता. माझ्या डोळ्यांसमोर असे दिवस घडलेत. दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्यासमोर येऊन बसतो, पुढच्या सेमिस्टरच्या कोर्सबद्दल बोलतो आणि कालच्या सामन्याचा विषयही काढत नाही. त्या वेळी मी पण काढत नाही.

पुढच्या वसंतात बॅरेट गेलेला होता, जागा रिकामी होती, आणि जो व हॅस्किन्समध्ये चुरस होती. हॅस्किन्स पुढे राहणार हे दिसू लागल्यावर मे २०१८ मध्ये जोने ओहायो स्टेट सोडायचं ठरवलं. (हॅस्किन्सने त्या सीझनला पन्नास टचडाउन पास फेकले, टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण, म्हणजे कोचची निवड चुकली होती असं कुणी म्हणू शकत नाही. २०२२ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याचं नाव घेताना अजून वाईट वाटतं.)

आता तुमच्या अभ्यासाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. त्या काळी एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या फुटबॉलपटूला एक संपूर्ण सीझन बाहेर बसावं लागे. जोकडे दोनच सीझन उरले होते. त्यातला एक असा गेला असता तर तो शेवटच्या वर्षापुरताच खेळाडू उरला असता, आणि एकाच वर्षासाठी नवा क्वार्टरबॅक कोण घेणार? पण नियमाला एक दार होतं. ज्याची पदवी पूर्ण झाली आहे तो पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून दुसरीकडे जाऊ शकत होता आणि लगेच खेळू शकत होता. जोने तीन वर्षांत पदवी पूर्ण केली होती. विषय होता ग्राहक आणि कुटुंबाचं अर्थव्यवस्थापन. सरावाला जाणारा, सामन्यात जवळजवळ न खेळणारा, मोडलेला हात घेऊन बसलेला मुलगा तीन वर्षांत डिग्री हातात घेतो, त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीतले वर्ग आले, बसमध्ये लिहिलेले निबंध आले, आणि "आपल्याला इथे जागा नाही" असं वाटत असतानाही परीक्षेला बसणं आलं.

आपल्याकडे आई-वडील म्हणतात, "खेळ, पण हाताशी डिग्री असू दे, उद्या पाय मोडला तर?" हे खरंच आहे. पण जोच्या बाबतीत डिग्रीने त्याहून वेगळं काम केलं. डिग्री होती म्हणून त्याला खेळता आलं. २०१८ चा सीझन त्याला त्या कागदाने मिळवून दिला, आणि २०१८ नसता तर २०१९ आला नसता.

तो गेला लुइझियाना स्टेटला, म्हणजे एलएसयूला. तो आल्यावर ऑगस्टमध्ये तिथले दोन क्वार्टरबॅक टीम सोडून गेले. हा धक्का असाच पुढे पुढे सरकत जातो: एकाला जागा मिळाली की दोघं-तिघं सामान बांधतात. २०१८ मध्ये जो बरा खेळला, चमकदार नाही. ५७.८ टक्के पास पोचले, १६ टचडाउन. १ जानेवारी २०१९ ला फिएस्टा बोल या सीझनअखेरच्या मोठ्या सामन्यात त्याचा एक पास सेंट्रल फ्लोरिडाने अडवला आणि परत नेऊन टचडाउन केला, आणि त्याच चालीत त्याला असा जबर फटका बसला की तो जमिनीवर पडून राहिला. तो उठला, खेळत राहिला, चार टचडाउन पास फेकले आणि एलएसयू ४०-३२ ने जिंकली. तुमच्या मुलालाही असे फटके बसतील, आणि ते बघायची मनाची तयारी तुम्हा दोघांना करावी लागेल. डोक्याला लागलं तर टीमच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय त्याने आत जाता कामा नये, आणि त्याने लक्षणं लपवता कामा नयेत. हे घरातच त्याच्या मनावर ठसवा. कडेला उभं राहून मुलं काय काय लपवतात हे मी पाहिलंय.

मग २०१९. न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक टीममधून जो ब्रेडी नावाचा तरुण कोच आला आणि एलएसयूचा खेळच बदलला. एका वेळी पाच-पाच जण पास झेलायला मोकळे सोडायचे, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायला फक्त समोरचे पाच जाडजूड गडी उरतात. अशा वेळी तो बचाव किती लवकर वाचतो यावरच सगळं असतं. सप्टेंबरमध्ये टेक्सासविरुद्ध शेवटची अडीच मिनिटं राहिली होती, तिसरी संधी होती आणि १७ यार्ड हवे होते. बचावपटू चारी बाजूंनी अंगावर आले. जो मागे पळाला नाही, पुढे एक पाऊल सरकला आणि मारा बसता बसता जस्टिन जेफरसनला पास दिला. ६१ यार्डांचं टचडाउन झालं. सामना ४५-३८. ते पुढचं एक पाऊल तीन वर्षं कडेला उभं राहून, रोज रात्री व्हिडिओ बघून येतं असं मला वाटतं. कोच मंडळी याहून बारकाईने सांगतील.

त्या सीझनचे आकडे सांगते, कारण आजोबांना आकडे आवडतील: ५२७ पैकी ४०२ पास पोचले, म्हणजे ७६.३ टक्के. ५,६७१ यार्ड. ६० टचडाउन पास, त्या पातळीवरचा तेव्हाचा विक्रम. प्रतिस्पर्ध्यांनी अडवलेले पास फक्त सहा. अलाबामाला त्यांच्या मैदानावर ४६-४१ ने हरवलं. ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन पास. १३ जानेवारी २०२० ला अंतिम सामन्यात क्लेम्सनला ४२-२५ ने हरवून पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत सिनसिनाटीने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं.

मधे डिसेंबरात त्याला हाइझमन करंडक मिळाला, कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक मान. भाषणात तो डोळे पुसत आपल्या अ‍ॅथेन्स भागातल्या गरिबीबद्दल बोलला. घरी गेल्यावर ताटात फारसं काही नसतं अशा मुलांबद्दल. तिथल्या अन्नवाटप केंद्राकडे थोड्याच दिवसांत चार लाख डॉलरहून जास्त देणग्या आल्या. तेवीस वर्षांच्या मुलाने आपल्या आनंदाच्या दिवशी गावच्या भुकेची आठवण काढली, हे मला त्याच्या साठ टचडाउनांपेक्षा मोठं वाटतं.

ही गोष्ट ऐकून "आमचाही जाईल" असं मनात येणं साहजिक आहे. म्हणून पुढचंही ऐका. अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे दहा लाख आहेत. व्यावसायिक संघ दरवर्षी निवडतात जेमतेम अडीचशे, त्यात क्वार्टरबॅक दहा-बाराच्या आसपास. आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी पहिल्या वर्षापासून चारही सीझन खेळला आणि २०२२ मध्ये त्याची निवड झाली २६२ वी, म्हणजे त्या वर्षीची शेवटची. कॉलेजात गाजलं म्हणून पुढचं दार आपोआप उघडत नाही, आणि शेवटच्या दारातून आत गेलेला मागे पडतोच असंही नाही. पर्डी दोन वर्षांत सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना खेळत होता.

जोच्या वेळेनंतर दोन मोठे बदल झाले आहेत. पहिला पैशांचा. जोने साठ टचडाउन फेकले ते स्कॉलरशिपवर; स्वतःच्या नावाची जाहिरात करून एक डॉलर कमवायची मुभा नव्हती. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना नाव-चेहरा वापरून कमाई करता येते, आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ शकतात. आपल्या लोकांसाठी इथे एक खाच आहे आणि कोच ती सांगत नाहीत, कारण त्यांना ती माहीत नसते. तुमचा मुलगा अमेरिकन नागरिक असेल किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. पण तो एच-फोर व्हिसावर (पालकांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या) असेल, किंवा कॉलेजसाठी एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जाणार असेल, तर अशी कमाई म्हणजे परवानगीशिवाय काम ठरू शकतं आणि व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. एच-फोर तर एकविसाव्या वर्षी संपतोच, म्हणजे कॉलेजच्या ऐन मध्यावर. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. कॉलेजच्या वकिलाला नव्हे, तुमच्या स्वतःच्या.

दुसरा बदल कॉलेज बदलण्याचा. एक सीझन बाहेर बसण्याचा नियम २०२१ मध्ये सैल झाला आणि २०२४ मध्ये जवळजवळ गेलाच. आता अभ्यासात पात्र असलेला मुलगा कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो. कॅम वॉर्ड टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजातून वॉशिंग्टन स्टेट आणि तिथून मायामीला गेला आणि २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. जेडन डॅनियल्स अ‍ॅरिझोना स्टेटहून एलएसयूला आला आणि २०२३ चा हाइझमन घेऊन गेला. मुलांना मोकळीक मिळाली याचा मला आनंद आहे. कोच मनात येईल तेव्हा जात होते, मुलं मात्र अडकून पडत होती. ते अन्यायाचं होतं.

पण माझ्या टेबलावरून दिसणारी दुसरी बाजू सांगते. प्रत्येक बदलीत काही क्रेडिट गळतात. एका विद्यापीठाचा कोर्स दुसऱ्याच्या डिग्रीत बसत नाही. नियम असा की तिसरं वर्ष सुरू होताना डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्याकडे त्याच्या तिसऱ्या कॉलेजात आला. हुशार, नम्र, पास इतका सुंदर फेकायचा की सराव बघायला ऑफिसमधले लोक खाली उतरायचे. त्याचं गुणपत्रक मी उलगडलं, तर सत्तरच्या वर क्रेडिट होती आणि आमच्या कुठल्याही डिग्रीत त्यांतली अर्धीसुद्धा बसत नव्हती. आम्ही दोघांनी मिळून एक सर्वसाधारण पदवीचा रस्ता शोधला, ज्यात त्याला ना रस होता ना उपयोग. तो दीड सीझन खेळला, खांदा गेला, आणि पदवीला वीस क्रेडिट कमी असताना तो घरी गेला. अजून मी त्याला दर ऑगस्टला फोन करते, उरलेले कोर्स ऑनलाइन कर म्हणून. पूर्वी डिग्रीशिवाय दार उघडत नव्हतं, म्हणून मुलं ती पूर्ण करायची. आता दार सताड उघडं आहे, आणि जाताना डिग्री मागे राहते.

आठवड्याचं गणितही समजून घ्या. नियमाने सीझनमध्ये खेळाला आठवड्याला वीस तास. पण दुखापतीवरचे उपचार, प्रवास, आणि क्वार्टरबॅकने "आपणहून" बघितलेले व्हिडिओ त्यात धरत नाहीत. आमच्या क्वार्टरबॅकांचा खरा आकडा मी विचारते तेव्हा चाळीसच्या खाली क्वचित येतो. पहाटे साडेपाचला उठणारा मुलगा दुपारच्या प्रयोगशाळेत बसतो. इंजिनिअरिंग, नर्सिंग अशा विषयांत प्रयोगशाळेची वेळ आणि सरावाची वेळ एकमेकांवर येतात, आणि मग कोच गोड आवाजात सुचवतात की विषय बदलला तर बरं होईल. मुलाला अमुकच शिकायचं असेल तर हे प्रवेशाआधी बोला. त्या विषयातला, त्याच टीममधला एक तरी खेळाडू दाखवा म्हणा. दाखवता आला नाही तर उत्तर मिळालं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा कोचबरोबर जेवण होईल, मैदान दाखवतील, मुलाला जर्सी घालून फोटो काढतील. ते सगळं होऊ द्या. पण अर्धा तास शैक्षणिक सल्लागाराबरोबर मागून घ्या, कोच खोलीत नसताना. विचारा, गेल्या पाच वर्षांत इथे आलेल्या क्वार्टरबॅकांपैकी किती जणांनी इथूनच पदवी घेतली? दुखापत झाली तर स्कॉलरशिप चालू राहते का, आणि हे लेखी कुठे आहे? उन्हाळ्याच्या वर्गांचे पैसे कोण देतं? मुलाला घेणारा कोच उद्या गेला तर काय? शेवटच्या प्रश्नावर समोरचा किती वेळ गप्प राहतो तेही बघा.

आणि एक काम याच आठवड्यात करण्यासारखं. मोठ्या कॉलेजांत, म्हणजे पहिल्या श्रेणीत खेळायचं तर हायस्कूलमध्ये ठरावीक सोळा मूळ विषय पूर्ण हवेत, त्यांत सरासरी किमान २.३ हवी, आणि सोळापैकी दहा विषय बारावी सुरू होण्याआधीच झालेले हवेत. त्या दहांचे गुण नंतर परत कोर्स करून सुधारता येत नाहीत. प्रत्येक हायस्कूलचे मान्य विषय एनसीएएच्या यादीत असतात, आणि शाळेत शिकवलेला प्रत्येक विषय त्या यादीत नसतो. मुलाचं नववीपासूनचं गुणपत्रक आणि ती यादी शेजारी ठेवा आणि एकेक विषयावर खूण करत जा. सोळा वर्षांच्या मुलाचे त्यातले अर्धे विषय आधीच झालेले असतील. एखादा बसत नसेल तर शाळेच्या समुपदेशकाकडे सोमवारी जा, सीझन संपायची वाट बघू नका.